पुन्हा तिथेच का जावेसे वाटते?

श्रावणाच्या आगेमागे पाऊस जरा उघडला की आमच्या जठारपेठेत रविवारी पहाटे गाड्या भरताना दिसतात. टपावर ताडपत्री, मागे पाण्याच्या कॅन, डबे, सतरंज्या आणि उरलेल्या जागेत पोरे. मागच्या पावसाळ्यात आमचीही गाडी अशीच भरत होती. शेजारचा मुलगा दुधाची पिशवी घेऊन जाता जाता थांबला आणि म्हणाला, "काहो चाचा, पुन्हा चिखलदराच काय? आता तं पाठ झालं असन तुमाले!"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण परतवाडा येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात घोळत होता. संसार सुरू झाल्यापासून आम्ही पुष्कळ गावी फिरलो. काही ठिकाणे चिखलदऱ्याहून देखणी होती, तिथली हॉटेलेही चांगली होती. पण तिथे आम्ही दुसऱ्यांदा गेलो नाही. चिखलदऱ्याला मात्र दर दोन-तीन वर्षांनी जातोच, आणि नरनाळ्याला त्याहून अधिक वेळा गेलो असेन. असे का व्हावे, याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. मी पर्यटनाचा अभ्यासक नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा आणि बायकापोरांना घेऊन हिंडणारा माणूस आहे. पण एका मुसलमान कुटुंबाचा सहलीचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो हे मला ठाऊक आहे. तेवढ्याच भांडवलावर बोलतो.

एकदा येणे आणि परत येणे

पाहुणा एकदा येणे आणि तोच पाहुणा परत येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा माणूस जातो तो कुणी सांगितले म्हणून, कुठे छायाचित्र पाहिले म्हणून. दुसऱ्यांदा जातो तो स्वतःच्या आठवणीवर विसंबून. जाहिरात पहिल्या खेपेला कामाची, दुसऱ्या खेपेला तिचा उपयोग नाही. आणि छोट्या ठिकाणांचे पोट तर या परत येणाऱ्यांवरच चालते. चिखलदऱ्याला काही जगभरातून विमाने भरून माणसे येत नाहीत. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, नागपूर, पलीकडून बऱ्हाणपूर, बैतूल, अशी आसपासची माणसे येतात. ती एकदा येऊन थांबली तर चार वर्षांत गिऱ्हाईक संपेल. परत येणारा माणूस दुकानदाराला ओळखतो, घासाघीस कमी करतो आणि येताना नवीन दोन कुटुंबे बरोबर आणतो.

हा हिशोब जगाने केव्हाच मांडला आहे. मुस्लिम प्रवाशांच्या गरजा कोणत्या, हे तपासण्यासाठी सिंगापूरमध्ये २००८ साली क्रेसेंटरेटिंग नावाची संस्था निघाली. २०१५ पासून ती मास्टरकार्डबरोबर मुस्लिम प्रवाशाच्या नजरेतून देशांची क्रमवारी लावते. मलेशिया या यादीत सातत्याने वर असतो, त्यात नवल नाही. नवल याचे की जपान, तैवान, थायलंड असे मुस्लिमबहुल नसलेले देशही या पाहुण्यासाठी धडपडताना दिसतात. जपानच्या मोठ्या विमानतळांवर नमाजासाठी खोल्या केल्या गेल्या. हे त्यांनी इस्लामच्या प्रेमापोटी केले असे नाही. इंडोनेशिया-मलेशियाचा पाहुणा एकदा येऊन अडचणीत पडला तर पुन्हा येणार नाही, हे त्यांना व्यवहाराने कळले.

मलेशियात मोहम्मद बत्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम पर्यटकांना गटागटाने बसवून विचारले, की तुम्हाला प्रवासात काय हवे असते? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुढे आलेल्या गोष्टी साध्या होत्या. जवळपास मशीद असावी, खोलीत किब्ल्याची म्हणजे काबागृहाची दिशा दाखवणारी खूण असावी, हलाल जेवण मिळावे, शौचालयात पाणी असावे, आसपासचे वातावरण कुटुंबाला संकोच वाटणार नाही असे असावे. यादी वाचताना मला क्वालालंपूर आठवले नाही, कारण ते मी पाहिलेलेच नाही. मला घाट चढून गेलेली आमची गाडी आठवली.

मुसाफिराला सवलत

पुष्कळांना वाटते की मुसलमान माणसाचा धर्म कडक, म्हणून त्याला प्रवासात फार काही लागत असेल. वस्तुस्थिती उलटी आहे. सफर, मुसाफिर, मुक्काम, सराई हे शब्द आपल्या मराठीतही रुळले, ते ज्या संस्कृतीतून आले तिने प्रवाशाला सवलती दिल्या आहेत. पृथ्वीवर हिंडा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुराणात अनेकदा सांगितले आहे. प्रवासात रमजानचे रोजे पुढे ढकलता येतात. चार रकातींची नमाज दोन रकातींत होते, तिला 'कसर' म्हणतात. पाणी नसेल तर वुजूऐवजी स्वच्छ मातीवर तयम्मुम चालते.

ही कसर केव्हा लागू होते, याचेही माप आहे. आमच्याकडचे उलेमा साधारणपणे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर अंतर धरतात. त्यामुळे आमच्या घरात एक गंमत चालते. अकोल्याहून अकोटमार्गे नरनाळ्याला गेलो तर अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर, म्हणजे नमाज पूर्ण. चिखलदरा शंभरच्या पुढे, तिथे कसर. माझी अम्मी नरनाळ्याला 'आधी सफर' म्हणायची. तिच्या दृष्टीने खरा प्रवास चिखलदऱ्याचाच.

सांगायचा मुद्दा असा, की सहलीच्या एका दिवसात जोहर आणि असर, फार तर मगरिब, अशा दोन-तीन नमाजा येतात. एकेक पाच-सात मिनिटांची. त्याला लागते काय? एक सतरंजी मावेल एवढी कोरडी, स्वच्छ जागा आणि दोन तांबे पाणी. भर रस्त्यात, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभे राहायला आम्हालाही आवडत नाही. लोक बघतात, पोरे बावरतात, मन लागत नाही. म्हणून कोपरा हवा असतो. तो मिळाला की काम झाले.

जेवणाचेही तसेच. हलाल मांस म्हणजे अल्लाहचे नाव घेऊन, रक्त वाहून जाऊ देऊन कापलेल्या जनावराचे मांस. ते प्रत्येक ठिकाणी मिळालेच पाहिजे असा हट्ट नसतो. आमच्यासारखी कुटुंबे परतवाड्यालाच काय ते घेतात किंवा घरून खिमा-पराठे नेतात. वर गेल्यावर पिठले-भाकर, भाजलेले कणीस, खवा आणि रबडी यांवर दिवस मजेत जातो. शाकाहारी ताट हा आमचाही मोठा आधार आहे. अडचण येते ती दोनच ठिकाणी. एक, दारूचे टेबल आणि जेवणाचे टेबल एकाच खोलीत असते तेव्हा. ही अडचण केवळ आमची नाही, कोणतेही घरंदाज कुटुंब तिथे बसायला कचरते. दुसरी, विचारले की खरे सांगत नाहीत. 'हो हो, सगळं चालते तुमचं,' असे म्हणणाऱ्यापेक्षा 'भाऊ, मटण कुठून येते ते मले माहीत नाही, तुम्ही डाळ-भाकर घ्या,' असे सांगणाऱ्याकडे आम्ही पुन्हा जातो.

परत जायचे की नाही, हे कोण ठरवते?

इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. सहलीला कुठे जायचे हे आम्ही पुरुष ठरवतो. पुन्हा जायचे की नाही हे मात्र बायका ठरवतात. आणि त्या कशावरून ठरवतात, हे मला फार उशिरा कळले.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. नाव घेत नाही. दिवसभर हिंडलो, पाहिले, पोरे घोड्यावर बसली. संध्याकाळी अम्मीला भोवळ आली. डॉक्टरकडे नेले, त्यांनी विचारले, पाणी किती प्यायलात? अम्मी गप्प. मग हळूच मला म्हणाली, "सुबे से नई पिया, बेटा. जाना किधर था? जगाच नई थी."

सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण बायकांनी जायचे कुठे हा प्रश्न होता. जे शौचालय होते त्याला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हते. तिच्यासारख्या बाईला पाण्याशिवाय भागत नाही. पाकीची अडचण, मग नमाजची अडचण, म्हणून तिने पाणी पिणेच सोडले. आणि आम्ही पुरुष मात्र समोरच्या दरीचे कौतुक करत होतो. त्या गावी आम्ही पुन्हा कधी गेलो नाही. कुणी तसे ठरवले नाही, कुणी भांडले नाही. दरवर्षी बेत निघाला की बायको दुसऱ्याच गावाचे नाव घ्यायची, एवढेच.

असे पर्यटक कुठल्याही नोंदवहीत दिसत नाहीत. तक्रार करणारा माणूस निदान तक्रार लिहून जातो. न बोलता निघून गेलेला का आला नाही, हे त्या गावाला कधी कळतच नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आम्ही चिखलदऱ्याला गेलो. धुके इतके की हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी होती, मागे तिचेच घर. टपरीवरच्या मावशीने अम्मीकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता म्हणाली, "आजी, मांगं घर हाये आपलं. जाऊन या. बादलीत पानी हाये." अम्मी बाहेर आली तेव्हा मावशीने चुलीवरचे कोमट पाणी तांब्यात ओतून दिले. वुजू झाला. मावशीने ओसरीतली पोती बाजूला केली, अम्मीने तिथे जानमाज अंथरली. मावशीला कसर ठाऊक नव्हती, किब्ला ठाऊक नव्हता. तिला एवढेच दिसले, की म्हातारी बाई अवघडली आहे.

त्या दिवशी अम्मी तीन कप चहा प्यायली. परतताना गाडीत म्हणाली, "अगले साल फिर आएंगे." आमच्या घरात चिखलदरा पक्के झाले ते त्या ओसरीवर.

सैलानीची रांग

कुणी म्हणेल, मग सैलानीला काय सोयी असतात? प्रश्न रास्त आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. गावाच्या नावातच सराई आहे, म्हणजे मुसाफिराच्या उतरण्याची जागा. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, नंतर संदल निघतो. लाखो माणसे येतात, त्यांत हिंदू-मुसलमान, बौद्ध सगळे असतात. राहुट्या, धूळ, टँकरचे पाणी, उन्हाचा तडाखा. तरी तीच कुटुंबे वर्षानुवर्षे येतात. लहानपणी मीही अब्बांच्या खांद्यावर बसून गेलो आहे.

यात नवस, मन्नत यांचा भाग मोठा आहे, हे खरे. जियारतीला जाणे आणि सैर करायला जाणे यांत फरक आहे. जियारतीला माणूस गैरसोय सोसतो, कारण तिथे तो काही मागायला किंवा फेडायला आलेला असतो. सैरेला गेलेला माणूस गैरसोय सोसत नाही. पण सैलानीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे पर्यटनवाल्यांनी लक्ष द्यावे. तिथल्या रांगेत नाव विचारत नाहीत. मागचा कोण, पुढचा कोण याची चौकशी होत नाही. त्या गर्दीत माणसाला आपण पाहुणे आहोत असे वाटत नाही, आणि परकेही वाटत नाही.

दगडांवरची ओळख

तिसरी गोष्ट जुन्या वास्तूंची. चिखलदरा थंड हवेचे ठिकाण म्हणून १८२३ साली हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत आले असे सांगतात. पण शेजारचा गाविलगड त्याच्या चारशे वर्षे आधीचा. नाव गवळ्यांवरून पडलेले. बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास तो बांधल्याची नोंद आहे. पुढे फत्हुल्ला इमादुल्मुल्कने त्याची डागडुजी केली. हा फत्हुल्ला जन्माने विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण मुलगा, लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि १४९० मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक ठरला. गडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडणारा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, ती विजयनगरकडची खूण. गडाच्या उंच भागावर सात कमानींची पडकी मशीद आहे. आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड घेतला तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या वतीने तो लढवत होता बेनीसिंग नावाचा राजपूत किल्लेदार. तो तिथेच पडला.

नरनाळ्याचेही तसेच. त्याचा सगळ्यांत सुंदर दरवाजा महाकालीच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्यावर १४८७ च्या सुमाराचा अरबी लिपीतला कोरीव लेख आहे. तो याच फत्हुल्लाच्या काळातला. देवीच्या नावाचा दरवाजा, त्यावर कुराणाची अक्षरे. वऱ्हाडचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर मी पोरांना तिथे नेऊन उभे करतो.

एकदा असाच उभा होतो. एका शाळेची सहल आली होती. मी ओठ हलवत काही वाचतो आहे असे पाहून एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "चाचा, हे काय लिहिलं आहे?" मला मदरशात शिकलेली अक्षरे येत होती, पण दगडावरची वळणदार लिपी भराभर वाचण्याएवढी नाही. जमले तेवढे वाचून दाखवले, अर्थ सांगितला. मग सगळा वर्गच गोळा झाला. त्यांच्या बाईंनी वहीत टिपून घेतले. त्या दिवशी किल्ल्यावर मी पर्यटक राहिलो नाही. घर दाखवणारा झालो.

माणूस परत जातो त्याचे हे एक मोठे कारण आहे. नुसते आदराने वागवले म्हणून नव्हे, तर तिथे आपलेही काही आहे आणि ते दुसऱ्याला सांगता येते म्हणून. किल्ल्यावरच्या वाटाड्याने बेनीसिंगही सांगावा, फत्हुल्लाही सांगावा. यातला एक गाळला तर गोष्ट अर्धी राहते, आणि ज्याचा भाग गाळला तो ऐकणाऱ्यांतून उठून जातो.

रजिस्टरवरचे नाव

आता जी गोष्ट सांगणे जिवावर येते ती सांगतो. एका थंड हवेच्या ठिकाणी, तेही नाव राहू द्या, रात्री आठ वाजता आम्ही लॉजवर पोहोचलो. काउंटरवरच्या माणसाने हसून स्वागत केले, भाडे सांगितले, रजिस्टर पुढे केले. मी नाव लिहायला लागलो. अर्धे नाव लिहून झाले आणि त्याला आठवले की खोल्या आधीच दिलेल्या आहेत. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अब्बा, चाव्या तर सगळ्या टांगलेल्या होत्या." मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नाही.

सोयींची यादी कितीही मोठी करा, एक असा प्रसंग ती पुसून टाकतो. मुस्लिम प्रवाशांच्या गरजा मोजणारे लोकही आता जेवण आणि नमाज यांच्या बरोबरीने ही गोष्ट धरू लागले आहेत, की तिथे द्वेष वाट्याला येता कामा नये. आमच्यासारख्यांना ते सांगावे लागत नाही. निघण्याआधी बायको सामानाची यादी करते तेव्हा मी मनात दुसरी यादी करत असतो. कुठे थांबायचे, कुठे नाव सांगायचे, कुठे नाही. जिथे ही दुसरी यादी करावी लागत नाही, तिथे माणूस खऱ्या अर्थाने सुट्टीवर असतो. त्याला परत बोलावणारी गोष्ट हीच.

१३ मे २०२३ च्या रात्री अकोल्यात जुन्या शहरात दंगल उसळली. एकाचा जीव गेला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत घराघरांत मोडले, त्यात हिंदूंचेही मोडले आणि आमचेही. पावसाळा आला तरी जावे की न जावे यावर घरात बोलणे चालले होते. शेवटी गेलो. अम्मी आता नाही. टपरीवरची मावशीही थकली आहे, सून चहा करते. आम्हाला पाहून मावशी उठून बसली. मी काय बोलावे या विचारात होतो. तिनेच विचारले, "अकोल्याहून आले न तुमी? घरचे बरे हायेत न सारे?"

बस, एवढेच. दंगलीचा शब्द तिने काढला नाही, मीही नाही.

खर्च किती, काम किती

यात सरकारने कोट्यवधी खर्च करावे असे काही नाही. पर्यटनाच्या प्रत्येक ठिकाणी कडी लागणारे, नळाला पाणी असणारे बायकांचे शौचालय असावे. त्याचा उपयोग माझ्या अम्मीला होतो तसाच शेगावहून आलेल्या आजीलाही होतो. मुसलमानांसाठी म्हणून मागितलेली ही सोय वापरणार आहेत सगळ्याच बायका. हॉटेलवाल्याने फलकावर खरे लिहावे: फक्त शाकाहारी असेल तर तसे, हलाल मांस आणत असेल तर तसे. बसायला कुटुंबासाठी वेगळी जागा असावी. एखादी कोरडी पडवी, एखादा पाण्याचा माठ. खोलीच्या भिंतीवर पश्चिम दाखवणारा बाण काढायला खडूदेखील पुरतो.

आणि ईद केव्हा आहे हे व्यापाऱ्याने पंचांगाइतकेच पाहून ठेवावे. चंद्राचे वर्ष छोटे, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये रमजान ईद २२ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. ईदचा दिवस घरात जातो, भेटीगाठींत जातो. दुसऱ्या दिवशी, ज्याला आम्ही बासी ईद म्हणतो, पोरे नवे कपडे घालून बाहेर निघतात. त्या दिवशी ज्याचे दुकान तयार असेल त्याचा धंदा होतो.

आमच्याकडूनही काही कर्ज आहे, ते झाकून ठेवणार नाही. नरनाळा हे अभयारण्य आहे. तिथे चूल पेटवणे, हाडे आणि पत्रावळी टाकून येणे, गाडीत मोठ्याने गाणी लावणे हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. शहानूरच्या फाटकावर वनखाते जी वेळ सांगते ती पाळली पाहिजे. गाविलगडची मशीद पाहून नमाज पढावीशी वाटते, मला तर दर वेळी वाटते. पण ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षणात घेतेवेळी ज्या वास्तूत पूजा किंवा नमाज चालू नव्हती तिथे ती नव्याने सुरू करता येत नाही, हा नियम मंदिरांना तसाच मशिदींना. म्हणून आम्ही कमानींपाशी क्षणभर उभे राहतो, आणि नमाज खाली येऊन पढतो. ज्या जागेने आपल्याला मान द्यावा असे वाटते, त्या जागेचा मान आपणही राखला पाहिजे.

तेव्हा शेजारच्या त्या पोराला उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते असे. चिखलदरा आम्हाला पाठ झाले आहे हे खरे. कुठे वळण आहे, कुठे धुके उतरते, कुठली रबडी चांगली, सगळे पाठ आहे. पण आम्ही तिथे नवीन काही पाहायला जात नाही. आम्हालाही तिथे कुणी पाठ केले आहे, म्हणून जातो.

मागच्या खेपेला निघताना मावशीची सून म्हणाली, "पुढच्या खेपेले फोन करून येजा काका, पानी तापवून ठेवीन." नंबर बायकोने लिहून घेतला. मी नव्हे, बायकोने. म्हणजे या वर्षीचे ठरलेच म्हणायचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)